टार्गेट दर महिन्याला पूर्ण, तरी खात्यात पैसे नाहीत. माल कमी उचलू का?

नवी_वितरक

नमस्कार. बाबांची एजन्सी दोन वर्षांपासून मी चालवते. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, कपड्यांची पावडर, हँडवॉश, सगळा एकाच कंपनीचा माल. ३ सेल्समन, २ गाड्या, साधारण ६४० दुकानं. बाबा गेले तेव्हा कुठल्या वारी कुठली बीट (सेल्समनची ठरलेली दुकानांची फेरी) एवढंच मला ठाऊक होतं. बाकी सगळं पडत-झडत शिकले.

अडचण अशी आहे. मी एकही महिना टार्गेट चुकवलेलं नाही. २८ तारखेला सेल्स ऑफिसरचा फोन येतो, "ताई, एवढ्या पेट्या उचला, वरचा स्लॅब लागेल," म्हणजे जास्त खरेदीवरची जास्त सूट, आणि मी उचलते. गेल्या वर्षीपेक्षा उलाढालही वाढली आहे. पण ५ तारखेला कंपनीला दिलेला चेक पास व्हायची वेळ येते तेव्हा ओव्हरड्राफ्ट काठोकाठ भरलेला असतो. या वर्षात कामावरच्या मुलांचे पगार दोनदा उशिरा झाले. त्यातला एक जण बाबांच्या वेळेपासून आहे, तो काही बोलला नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

मागच्या रविवारी स्वतः बसून गोदाम मोजलं. पावडरच्या थप्पीमागे हँडवॉशच्या पेट्या निघाल्या. खालच्या रांगेची पुठ्ठ्याची बुडं ओल धरून मऊ पडलेली, वरची पेटी उचलली तर खालची दबून बसली. मोजल्या तर २१२ पेट्या. बॅच बघितली तर मुदत संपायला ४ महिने. आमच्याकडचे दुकानदार निम्म्याहून कमी मुदत उरलेला माल हातात धरत नाहीत. कॉम्प्युटरवर हा माल 'स्टॉक' म्हणून चांगला दिसत होता, म्हणून माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

आता कोणी म्हणतं चांगलं सॉफ्टवेअर घ्या, कोणी म्हणतं सेल्समन बदला, घरचे म्हणतात एजन्सी सोडून दे. मला सोडायची नाही. नेमकं कुठे चुकतंय ते सांगाल का?

बीटवाला

ताई, आधी उधारी आवळा. जुनं बिल मिटल्याशिवाय नवीन बिल नाही, एवढा एकच नियम करा आणि तो स्वतःच्या नातेवाइकाच्या दुकानालाही लावा. सेल्समनचा इन्सेंटिव्ह बिलावर देत असाल तर निम्मा वसुलीवर आणा. आमच्याकडे दोन महिन्यांत फरक दिसला. सेल्समन बदलायची घाई करू नका, दुकानदार त्यांच्या ओळखीवर माल घेतात.

सव्वीस_वर्षं_गोदामात

ताई, मी २६ वर्षं हा धंदा करतोय आणि तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथे मी दोनदा उभा राहिलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

तुम्ही ज्याला विक्री म्हणताय ती कंपनीची विक्री आहे. कंपनीने तुम्हाला बिल फाडलं की तिची प्रायमरी झाली. तुमची विक्री सेकंडरी, म्हणजे तुमच्या गोदामातून दुकानात गेलेला माल. आणि खरं तर तीही अर्धीच विक्री, कारण दुकानदाराच्या फळीवरून गिऱ्हाइकाने उचलला नाही तर तोच माल डॅमेज-एक्सपायरी होऊन तुमच्याकडे परत येतो. टार्गेट प्रायमरीचं असतं. ते पूर्ण झालं म्हणून तुमचा धंदा झाला असं होत नाही.

आता पैसा कुठे गेला ते बघू. वितरकाचा पैसा तीन ठिकाणी उभा असतो: गोदामात, बाजारात आणि कंपनीकडे अडकलेल्या क्लेममध्ये (खराब माल, सवलती यांचे जे पैसे कंपनीकडून परत यायचे ते). तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून महिन्याची विक्री १०० धरतो. (मार्जिन कमी असतं, म्हणून स्टॉकही विक्रीच्याच भावाने धरतोय, हिशोब सोपा राहतो.)

गोदामात २५ दिवसांचा माल असेल तर ८३ अडकले. बाजारात सरासरी २१ दिवसांची उधारी, म्हणजे ७०. महिन्याला ४ चे क्लेम होतात आणि दीड महिन्याने मिळतात, म्हणजे ६. गाड्या, रॅक वगैरे १० धरा. झाले १६९. कंपनी तुम्हाला ७ दिवस देते असं समजू, ते २३ वजा करा. तुमचे स्वतःचे किंवा बँकेचे १४६ या धंद्यात उभे आहेत.

मार्जिन ६ आणि पगार, डिझेल, भाडं मिळून खर्च ४ धरला तर महिन्याला २ उरतात, वर्षाला २४. १४६ वर २४ म्हणजे साधारण १६ टक्के. यातून बँकेचं व्याज जायचंय, तुमची मेहनत तर धरलेलीच नाही.

आता तेवढ्याच विक्रीवर गोदामातला माल १२ दिवसांवर आणा आणि उधारी १४ दिवसांवर. गोदामात ४०, बाजारात ४७, बाकी तेच. वजाबाकी करून ८० उरतात. तेच २४ आता ८० वर, म्हणजे ३० टक्के. एक पेटी जास्त न विकता. मी पहिल्यांदा हा हिशोब मांडला तेव्हा वहीचं पान पुन्हा पुन्हा तपासलं होतं, कुठे शून्य चुकलंय का म्हणून.

म्हणजे २८ तारखेला स्लॅबचा एक-दीड टक्का मिळवायला तुम्ही जो माल उचलता, तो किती दिवस पडून राहतो ते आधी बघा. दोन महिने पडला तर त्या टक्क्यातलं बरंचसं व्याजातच जातं, आणि एक्सपायरी झाली तर पेटीची पेटी जाते.

ऑर्डर कशी काढायची? प्रत्येक मालाची वेगळी. एकूण स्टॉक बघून ऑर्डर काढणं ही मोठी चूक, कारण एकूण स्टॉक १८ दिवसांचा दिसतो आणि आत चालणारा साबण २ दिवसांचा असतो आणि न चालणारा माल १०० दिवसांचा. रोजची सरासरी सेकंडरी घ्या (गेल्या ८ आठवड्यांची, स्कीमचे म्हणजे सवलतीचे दिवस सोडून). तिला गुणा: दोन ऑर्डरींमधले दिवस, अधिक माल पोचायला लागणारे दिवस, अधिक राखीव दिवस. त्यातून हातातला माल आणि वाटेतला माल वजा. उरेल ती ऑर्डर.

समजा एक साबण रोज ६ पेट्या जातो. तुम्ही ७ दिवसांनी ऑर्डर टाकता, माल ३ दिवसांत येतो, राखीव ४ दिवस. ६ गुणिले १४, झाले ८४. हातात ५०, वाटेत २०. ऑर्डर १४ पेट्या. बस.

हेच हँडवॉशला लावा. रोज किती जातो ते कळवा.

सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी महिनाभर हे वहीत करा. नाहीतर तुम्ही चुकीचा आकडा जास्त वेगाने काढायला लागाल.

आधी_सेल्स_ऑफिसर_होतो

मी ९ वर्षं दुसऱ्या बाजूला होतो, आता नाही. वरच्या दादांचा शब्द न शब्द बरोबर आहे. फोन करणारा काय विचार करतो तेवढं सांगतो.

त्याचा इन्सेंटिव्ह प्रायमरीवर असतो, त्याच्या मॅनेजरचाही. २५ तारखेला तो आकड्यात मागे असतो आणि त्याच्या यादीत "कधी नाही म्हणत नाहीत" असे तीन-चार वितरक असतात. ताई, तुम्ही त्या यादीत आहात. माझ्याही यादीत असे एक गृहस्थ होते. वयस्कर, शब्दाचे पक्के. सलग सात महिने मी त्यांच्याकडे माल उतरवला. आठव्या महिन्यात त्यांचा चेक परत आला आणि वर्षाच्या आत त्यांनी एजन्सी बंद केली. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, एक शब्द वावगा बोलले नाहीत. ते मला आजही टोचतं, म्हणून इथे लिहितोय.

शेवटच्या आठवड्याच्या स्कीमने आणखी एक गोष्ट होते. दुकानदार शिकतो. पहिले तीन आठवडे तो "बघू, पुढच्या फेरीला" म्हणतो आणि स्कीम आली की महिनाभराचा माल एकदम घेतो. तुमच्या पुस्तकात मागणी महिनाअखेरीला डोंगराएवढी दिसते, पण गिऱ्हाईक तर रोज तेवढाच साबण वापरतंय. १९५८ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी दाखवून दिलं होतं की दुकानातल्या विक्रीत थोडासा फरक पडला तरी वितरक, होलसेलर, कारखाना असं मागे जाताना त्याची लाट मोठी होत जाते. पुढे १९९७ मध्ये हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची चार कारणं मांडली: प्रत्येकाने आपापला अंदाज बांधणं, ऑर्डर साठवून एकदम टाकणं, स्कीममुळे भाव खाली-वर होणं, आणि माल टंचाईत असला की गरजेपेक्षा जास्त मागून ठेवणं. त्यात प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं उदाहरण आहे. बाळं रोज साधारण तेवढेच डायपर वापरतात, दुकानातली विक्रीही फारशी हलत नव्हती, पण वितरकांच्या ऑर्डरी मात्र प्रचंड खाली-वर होत होत्या. महिनाअखेर आणि स्कीम, म्हणजे चारातली दोन कारणं, तुमच्याच टेबलावर तयार होतात.

करायचं काय? २० तारखेला तुम्हीच ऑफिसरला फोन करा, २८ ची वाट बघू नका. मालानुसार क्लोजिंग स्टॉक आणि रोजची सेकंडरी असा एक कागद पाठवा आणि सांगा, या महिन्यात मी एवढंच उचलणार. २० तारखेला त्याच्याकडे दुसरीकडून आकडा जमवायला वेळ असतो. २८ ला नसतो, मग तो गळ घालतो. आणि तोंडी सांगितलेल्या स्कीमवर माल कधीच उचलू नका. स्कीमचं परिपत्रक हातात नसेल तर क्लेम अडकतो, आणि ऑफिसरची बदली झाली की तो बुडालाच समजा. खेकसून काही होत नाही, कागद दाखवा. चांगला ऑफिसर कागदापुढे नमतं घेतो.

आणखी एक. विक्री वाढवायचीच असेल तर माल कोंबून वाढवू नका, दुकानात आणखी वस्तू ठेवून वाढवा. सेल्समन ४० दुकानं फिरतो त्यातली किती बिल देतात आणि एका बिलात किती प्रकारच्या वस्तू असतात, हे दोन आकडे रोज संध्याकाळी विचारा. नुसतं विचारायला लागलात तरी हलतात.

नवी_वितरक

दादा, दोन दिवस बसून काढलं. हँडवॉश रोज सरासरी २ पेट्या जातो. २१२ पेट्या म्हणजे १०६ दिवसांचा माल, आणि मुदत ४ महिन्यांची. म्हणजे मी तो रांगेने विकत गेले तरी शेवटची पेटी दुकानात पोचेल तेव्हा तिला दोन आठवडेच उरलेले असतील. हा आकडा लिहिला आणि हात थांबला. याच महिन्यात मी त्याच्या आणखी ६० पेट्या उचलल्या होत्या, आणि जो छोटा साबण सगळ्यात जास्त जातो तो मागच्या आठवड्यात ३ दिवस संपलेला होता.

माझ्या गोदामात एकूण ३१ दिवसांचा माल निघाला, उधारी २४ दिवसांची. क्लेमचा आकडा मात्र काढताच येत नाहीये. फाइलमध्ये कागद आहेत, काहींवर कंपनीची सही नाही, काहींना बॅच नंबर नाही. ते कसं लावायचं?

गोदाम_सांभाळते

क्लेमचं मी सांगते, आमच्याकडे ते काम माझ्याकडेच असतं. डॅमेज माल गाडीवरून उतरला त्याच संध्याकाळी नोंदवायचा. दुकानाचं नाव, वस्तू, बॅच, नग, कारण, आणि बॅच दिसेल असा फोटो. आठवड्याचे क्लेम सोमवारी पाठवायचे, पोचपावती घ्यायची, ३० दिवस झाले की यादी करून ऑफिसरला आणि त्याच्या वरच्यालाही पाठवायची. महिन्याचे एकदम पाठवलेत तर एका चुकीच्या कागदासाठी सगळा गठ्ठा परत येतो. जुन्या फाइलमधले ज्यांना बॅच आहे ते वेगळे काढा, आधी तेवढेच लढा.

आणि गोदामात 'आधी आला तो आधी बाहेर' यावर राहू नका. ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर. कधी कधी उशिरा आलेल्या गाडीतच जुनी बॅच असते. माल उतरताना बॅच तपासा, निम्मी मुदत गेलेली असेल तर गाडीवरच शेरा मारून परत करा. एकदा चलनावर सही झाली की तो माल तुमचा. प्रत्येक थप्पीच्या दर्शनी पेटीवर जाड मार्करने मुदतीचा महिना लिहा, लांबून वाचता येईल एवढा मोठा. थप्पी भिंतीपासून वीतभर लांब आणि खाली लाकडी पॅलेट, म्हणजे ती ओल लागणार नाही.

सव्वीस_वर्षं_गोदामात

ताई, त्या २१२ पेट्यांचं आजच ठरवा. मोठी दुकानं, जिथे हँडवॉश आठवड्याला हटकून जातो, अशी ३०-४० निवडा आणि तिथेच द्या, स्वतःच्या मार्जिनमधून काही सोडावं लागलं तरी चालेल. ६४० दुकानांत एक-एक पेटी वाटू नका, ती सगळी परत येईल. थोडा तोटा आज घ्या. चार महिन्यांनी पूर्ण घ्यावा लागेल.

नवी_वितरक

३४ दुकानांची यादी झाली, तिघाही सेल्समननी मिळून केली. बाबांच्या वेळचे जे आहेत त्यांनी त्यातली दोन खोडली, म्हणाले तिथे माल जाईल पण पैसे येणार नाहीत.

आज २० तारीख. कागद ऑफिसरना पाठवला आणि फोन केला. आधी थोडे नाराज झाले, मग म्हणाले, "बघतो." हँडवॉशपुढे शून्य लिहिलंय, छोट्या साबणापुढे दुप्पट. २८ ला फोन आला की इथे लिहीन.