'कारवाई' की 'हल्ला'?

टिळक रस्त्यावरच्या एका अमृततुल्यात काल टीव्ही चालू होता. एकाच बाँबफेकीला एक वाहिनी 'कारवाई' म्हणत होती, मालकांनी चॅनल बदललं तर तिथे 'हल्ला'. हे समानार्थी शब्द आहेत का?

-- मुळीच नाहीत. लक्ष्मी रस्त्यावर नो-पार्किंगमधल्या गाड्यांवर कारवाई होते, अनधिकृत बांधकामावर होते. म्हणजे ज्याच्यावर झाली त्याचं काहीतरी चुकलं होतं, हे त्या शब्दातच गृहीत धरलेलं असतं. 'हल्ला' म्हटलं की दोष उलट करणाऱ्याकडे झुकतो. युद्धाच्या बातमीत 'कारवाई' लिहिणाऱ्यानं निकाल आधीच देऊन टाकलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मला याची फार काळजी वाटते.

शब्दयोगी अव्ययंही तेच काम करतात. २००३ साली फॉक्स न्यूजच्या पडद्यावर अमेरिकी लष्करानं ठेवलेलं नावच झळकत होतं, 'ऑपरेशन इराकी फ्रीडम'. अल जझीरा म्हणत होती 'इराकवरचं युद्ध'. इतर काही इंग्रजी वाहिन्यांवर 'इराकमधलं युद्ध'. 'मधलं' म्हटलं की इराक ही नुसती जागा उरते, 'वरचं' म्हटलं की कोणी केलं हा प्रश्न आपसूक येतो.

-- आणि 'मोहीम'? पुतिन यांनी २४ फेब्रुवारी २०२२ ला 'विशेष लष्करी मोहीम' जाहीर केली, रशियातल्या माध्यमांना 'युद्ध' हा शब्द वापरायला मनाई झाली.

-- 'मोहीम' मूळ अरबी, 'महत्त्वाचं काम' अशा अर्थाचा. मराठीत तो स्वारीसाठी रुळला, म्हणून पानिपतची मोहीम म्हटलं की आपल्याला तलवारी दिसतात. पण आता पल्स पोलिओची मोहीम असते, स्वच्छतेची असते. या दुसऱ्या अर्थामुळे शब्द मवाळ झालाय. रशियाच्या बातमीत मी अवतरणचिन्हाशिवाय तो लिहिणार नाही.

'११ ठार' ही पट्टीही बघा. क्रियापद गळलं की कर्ताही गळतो, जणू बाँब आपोआप पडला. आपल्या बाजूचं यश असलं की मात्र कर्ता सगळ्यात पुढे : 'जवानांनी तिघांना कंठस्नान घातलं'. जागा कमी असते हे खरं, पण 'इस्रायली हल्ल्यात ११ ठार', 'रशियन हल्ल्यात ११ ठार' एवढं पट्टीत सहज मावतं.

-- 'प्रत्युत्तर' राहिलं. तो शब्द आला की गोष्ट कुठून सुरू झाली तेही ठरून जातं.