घर ते मांगर वायफाय: दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढू नका

आगरातला (धागाकर्ता)
आमचं घर देवगड तालुक्यात. मांगर (आगरातली कामाची खोपी) घरापासून साधारण ८० मीटर खाली, हापूसच्या कलमांच्या पलीकडे. मार्च ते मे आम्ही दिवसभर मांगरातच असतो. आंबा पिकवायची आढी तिथे, पेट्या भरणं तिथे, गिऱ्हाईक पेटी उचलतं तेही तिथूनच. त्या घळीत मोबाईलला रेंज नाही. गिऱ्हाईकाने यूपीआयवर पैसे टाकले की ते आले का, हे बघायला बायको चढण चढून घरी जायची. म्हणून गेल्या वर्षी कॅट-सिक्स (नेटवर्कची तांब्याची) केबल झाडांवरून नेऊन मांगरात दुसरा राउटर बसवला. दोन महिने उत्तम चालला.

मे महिन्यात वळीव आला. वीज आमच्यावर पडली नाही, पलीकडच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) पडली. तरी घरचा राउटर, मांगरातला राउटर आणि मुलीच्या लॅपटॉपचं लॅन पोर्ट, तिन्ही गेलं. मांगरातला प्लग उपसून काढला तर आतल्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडलेल्या आणि प्लास्टिक वितळलेलं.

असं का होतं ते नीट समजून घेतलं. जवळपास वीज पडली की लांब तारेत आपोआप दाब उमटतो. शिवाय घराचं अर्थिंग वेगळं, मांगराचं वेगळं. वीज जमिनीत शिरते तेव्हा दोन ठिकाणच्या जमिनीतल्या विजेच्या दाबात मोठा फरक पडतो आणि त्या फरकाला तांब्याची तार आयती वाट देते.

दिवाळीनंतर फायबर (काचेच्या धाग्याची केबल) टाकली. काचेतून वीज जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा), मांगरात साधा राउटर, बस. ज्यांचं गोठा, मांगर, आउटहाउस असं वेगळं बांधकाम आहे त्यांनी तांब्याच्या वाटेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

सड्यावरचा
तांबं नको हे मान्य, पण फायबर सगळ्यांना जमत नाही. आमच्याकडे वीतभर मातीखाली कातळ लागतो, चर कसा मारणार? वरून न्यावी तर माकडं लोंबकळतात. मी दोन छपरांवर ५ गिगाहर्ट्झचे समोरासमोर बघणारे रेडिओ लावलेत, अंतर १२० मीटर. २०१८ पासून आपल्याकडे त्या पट्ट्याला घरगुती वापरासाठी परवाना लागत नाही. चौथा पावसाळा आहे. एवढ्या अंतरावर पावसाने काही फरक पडत नाही, लोक उगाच घाबरतात.

आगरातला
पावसाने पडत नाही, पण ओल्या पानांनी पडतो. तुमचा सडा मोकळा आहे, माझ्या वाटेत हापूसची कलमं आहेत. नुसती नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही. ८० मीटरवर मध्यभागी त्या रेषेच्या चहूबाजूंनी जवळजवळ एक मीटर जागा रिकामी लागते. दरवर्षी पालवी फुटली की मी कलम छाटत बसू का? आणि छपरावरच्या रेडिओला वीज पुरवणारी केबल घरात येते ती तांब्याचीच ना?

सड्यावरचा
येते, पण चार मीटर. ऐंशी नाही. ढग भरून आले की मी ती उपसून ठेवतो.

आगरातला
आम्ही त्या वेळी मांगरात पेट्या झाकत असतो. घरी उपसायला कोण असतं?

वायरमन_कुडाळ
वीस वर्षं वायरिंग करतोय. तांब्याला सरसकट नावं ठेवू नका. कॅट-सिक्स १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं अंतर त्यात बसतं. बाहेरची जाड केबल पाइपातून जमिनीखाली घाला, दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा. तुम्ही झाडावरून नेली तिथे चूक झाली. आणि पावसात फायबर तुटली तर जोडणारा माणूस तालुक्यातून येईपर्यंत तुम्ही बंद. कॅट-सिक्सचं टोक मी दहा मिनिटांत मारून देतो.

आगरातला
दुरुस्तीचा मुद्दा खरा आहे, तो मी सोडतो. म्हणूनच दोन कोअरची केबल घेतली, एक राखीव. पण सर्ज प्रोटेक्टर दाब सोडणार जमिनीत, आणि मे महिन्यात सुकलेल्या जांभ्यात अर्थिंग मिळतं कुठे? खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वर पाणी ओतत राहावं लागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वायरमन_कुडाळ
जांभ्यात अर्थिंग अवघड, हे खरं. सखल मळ्यात मात्र मी आजही तांबंच घालीन.

पुण्याची_लेक
एवढं सगळं कशाला? माझ्या आईच्या मागच्या खोलीला मेश (एकमेकांशी बिनतारी जोडलेले वायफायचे डबे) लावलं, एक डबा खिडकीत, एक तिकडे. यूपीआयच्या मेसेजला वेग लागतोच किती?

आगरातला
वेग कमी लागतो हे बरोबर. खोली वीस-पंचवीस मीटरवर असेल तर मीही हेच सांगेन. आमच्याकडे जांभ्याच्या दोन जाड भिंती आणि मध्ये कलमं. आधी रिपीटर लावून बघितला होता, फोनवर दोन कांड्या दिसायच्या पण पान उघडायचं नाही.

सड्यावरचा
एक विचारतो. आमच्याकडे केबलवाल्याने टाकलेल्या फायबरमध्ये पोलादी तार आहे. मग वीज लागणारच की!

आगरातला
अगदी मोलाचं विचारलंत, हे मूळ धाग्यातच यायला हवं होतं. तार असलेली घेतलीत तर सगळा खटाटोप वाया. दुकानात एफआरपी ड्रॉप केबल मागा, तिच्यात आधाराला तारेऐवजी वीज न नेणारी फायबरग्लासची काडी असते. तार असलेलीच मिळाली तर दोन्ही टोकांना ती इमारतीबाहेरच कापा, आत फक्त काच न्या. आणि कन्व्हर्टर घेताना एक ए आणि एक बी असाच जोड घ्या, एकाच कोअरवरून जाणं-येणं चालतं म्हणून दोन टोकं वेगळी लागतात. मला दुकानदाराने दोन्ही ए दिले होते, लिंकचा दिवा लागेना म्हणून संध्याकाळभर केबलच तपासत बसलो.

सड्यावरचा
कातळावरून पाइप नुसता टाकून वर चिरे ठेवले तर चालेल?

आगरातला
चालेल. काळा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप घ्या, उन्हात टिकतो. वळणं मोठी ठेवा आणि दोन्हीकडे पाच-पाच मीटर केबल गुंडाळून शिल्लक ठेवा.