उताऱ्यावरील उत्तराला उताऱ्यातलाच आधार द्यायला मुलांना कसे शिकवावे?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, वाई

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या वर्गाला मराठी शिकवते. माझ्या वर्गातील मुले उतारा न अडखळता वाचतात आणि कोण, कोठे, केव्हा अशा प्रश्नांची उत्तरे बिनचूक लिहितात. परंतु ‘का’ किंवा ‘कशावरून’ असे विचारले की त्यांची वही कोरी राहते. नुकताच मी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यावर स्वतः लिहिलेला एक लहान उतारा त्यांना दिला. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली, निरनिराळ्या जातींची मुले वसतिगृहात एकत्र राहू-जेवू लागली आणि मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, एवढाच त्यातील मजकूर होता. ‘लक्ष्मीबाईंना या मुलांविषयी काय वाटत होते?’ या प्रश्नाला जवळजवळ सर्वांनी ‘त्या खूप प्रेमळ होत्या’ असे लिहिले. ‘उताऱ्यातील आधार द्या’ अशी पुस्ती जोडल्यावर काहींनी सगळा परिच्छेदच उतरवून काढला आणि एका मुलाने आधार म्हणून १९१९ हे साल लिहिले. येथून पुढे कसे जावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त केंद्रप्रमुख, सांगली

बाई, आपला उतारा चांगला आहे, पण या कामासाठी तो सोयीचा नाही. सातारा जिल्ह्यातील मूल दर वर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीची भाषणे ऐकत मोठे होते. त्यामुळे ते उत्तर उताऱ्यातून शोधत नाही, ऐकलेल्या भाषणातून काढते. आधार शोधण्याची गरजच पडू नये, इतका विषय ओळखीचा असला तर आधार शिकवता येत नाही.

आमच्या भागातील शाळांसाठी मी पुढील चार वाक्ये लिहून दिली होती. ‘सौद्यात पुकारलेला आकडा आजोबांनी ऐकला. काही न बोलता त्यांनी हळदीची पोती पुन्हा ट्रॉलीत चढवायला लावली. बाजाराहून परतताना ते नेहमी नातवंडांसाठी भडंग घेत. आज ट्रॅक्टर वाटेत कोठेच थांबला नाही.’ प्रश्न एकच होता : आजोबांना मिळणारा दर पटला का? शेतकऱ्यांच्या मुलांनी लगेच सांगितले, ‘नाही, कारण हळदीला दर मिळतच नाही.’ उत्तर बरोबर होते, पण कारण घरच्या बोलण्यातून आले होते. मग प्रत्येक वाक्याला क्रमांक देऊन मी विचारले, ‘हे तुम्हाला कोणत्या वाक्याने सांगितले?’ तेव्हा कोणी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवले, कोणी चौथ्यावर. खरी चर्चा त्यानंतर सुरू झाली, कारण दुसऱ्या वाक्यावरून माल विकला नाही हे कळते, चौथ्यावरून मन नाराज होते हे कळते, आणि चौथे वाक्य तिसऱ्याशिवाय लुळे पडते.

अमेरिकेतील टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात प्रश्न आणि उत्तर यांच्या नात्याची जी पद्धत मांडली, ती येथे उपयोगी पडते. उत्तर एकाच जागी लिहिलेले आहे, दोन-तीन जागांहून जुळवायचे आहे, लेखकाचे म्हणणे आणि आपली समज मिळून काढायचे आहे, की उतारा न वाचताही देता येईल, हे मुलांनी आधी ओळखायचे असते. आपल्या वर्गात पहिला प्रकार पक्का आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर भरपूर तोंडी काम व्हायला हवे. आणखी एक गोष्ट सुचवतो. ‘कशावरून?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा, नाहीतर तो विचारताच आपले चुकले असे समजून मुले उत्तर बदलतात.

उत्तर २ : शिष्यवृत्ती वर्ग घेणारा शिक्षक, कराड

सरांशी मी सहमत आहे. लेखनासाठी मी ‘मला असे वाटते की…, कारण उताऱ्यात … असे म्हटले आहे, यावरून … हे कळते’ असा साचा फळ्यावर लिहून ठेवतो. शिष्यवृत्ती परीक्षेतील प्रश्न बहुपर्यायी असल्याने तेथे आधार लिहावा लागत नाही, असे समजून अनेक जण ही सवय सोडून देतात. मी मात्र नाकारलेल्या तिन्ही पर्यायांसमोर ते खोडून काढणाऱ्या वाक्याचा क्रमांक लिहायला लावतो आणि उताऱ्यात ज्याविषयी काहीच नाही अशा पर्यायासमोर शून्य लिहायला सांगतो. अंदाजाने खुणा करणारी मुले तेथेच सापडतात.

उत्तर ३ : पालक, मिरज

साच्याविषयी माझी थोडी हरकत आहे. माझ्या मुलीच्या वहीत ‘यावरून कळते’ या शब्दांनंतर प्रत्येक वेळी वरचेच वाक्य पुन्हा लिहिलेले असते. रिकाम्या जागा भरल्या की काम झाले, असा तिचा समज झाला आहे आणि गाईड पाठ करण्याची सवय असलेल्या मुलांचे याहून वेगळे होणार नाही. साचा ठेवायचाच असेल तर शेवटचा भाग लिहिण्यापूर्वी तो शेजारच्या मुलाला तोंडी पटवून द्यायला सांगावा. शेजाऱ्याला पटले नाही तर दुसरे वाक्य शोधावे लागेल.

मूळ प्रश्नकर्ती, वाई

आपणा सर्वांचे आभार. उतारा बदलते, वाक्यांना क्रमांक देते आणि जोडीने बोलण्यापासून सुरुवात करते. एकच शंका उरते. तीन गुणांच्या प्रश्नात उत्तर बरोबर आहे पण निवडलेले वाक्य त्याला लागू पडत नाही, अशा वेळी आपण गुण कसे देता?

उत्तर १ : निवृत्त केंद्रप्रमुख, सांगली

उत्तराला एक, योग्य वाक्याला एक आणि दोहोंतील संबंध सांगितल्यास एक. आपण म्हणता त्या मुलाला एकच गुण मिळेल. याउलट, उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे असूनही निवडलेले वाक्य त्याला खरोखर लागू पडत असेल आणि संबंध नीट मांडला असेल, तर मी तिन्ही गुण देतो. यावर शिक्षण परिषदेत आमचे वाद होत असत, तेव्हा इतरांचे मतही येथे वाचायला आवडेल.