रऊलला टीमबाहेर बसवणारा तो स्पॅनिश कोच, आरागोनेस, त्याच्याबद्दल कुणाला नीट माहिती हाय का?

परभणीचा_विंगर
राम राम मंडळी. आमच्या टीमच्या कोचिंगची घंटा सध्या माझ्याच गळ्यात हाय. आमचा एक सिनियर स्ट्रायकर, नाव घेत न्हाई, जिल्ह्यात सगळे वळखतात, टूर्नामेंटच्या बॅनरवर त्याचाच फोटो असतो, पण आता पळणं कमी झालंय आणि बॉल पायातच पाहिजे म्हणतो, न्हाई दिला की दोन्ही हात कमरेवर ठेवून तिथंच उभा राहतो. पोरं पण सवयीनं आधी त्यालाच बघतात, मोकळा माणूस दिसत असला तरी. त्याला बसवायचं नुसतं बोललो तर टपरीवरचे लोक सुद्धा मला शहाणपण शिकवायलेत. एक दोस्त म्हणला की स्पेनच्या कोचनं रऊललाच, रियाल मद्रिदच्या एवढ्या मोठ्या स्ट्रायकरला, काढलं होतं आणि मग २००८ ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांचा कप, जिंकली. हा माणूस कोण? स्वतः खेळलेला होता का नुसता वहीवाला कोच? आणि काढल्यावर त्याला लोकांनी सोडलं कसं?

आमखासचा_जुना
खेळलेला होता का म्हणजे काय भाऊ! लुईस आरागोनेस हा अॅटलेटिको मद्रिदचा फॉरवर्ड, थोडा मागून येऊन गोल मारणारा, फ्री किकचा तर मास्टर. क्लबसाठी १७० च्या वर गोल, आणि हा रेकॉर्ड इतकी वर्षं टिकला की अॅटलेटिकोच्याच ग्रीझमननं तो २०२४ मध्ये कुठं मोडला. १९३८ चा जन्म, मद्रिदला लागून असलेल्या ओर्तालेसा गावचा. गंमत म्हणजे आधी रियाल मद्रिदनं घेतलं होतं, पण मेन टीममध्ये एक मॅच खेळवली न्हाई, इकडं तिकडं लोनवर फिरवलं, मग ओविएदो, बेतिस करत १९६४ ला अॅटलेटिकोत आला आणि तिथलाच झाला. तीन लीग जिंकला. १९६६ ला त्यांचं नवीन स्टेडियम चालू झालं त्यातला पहिला गोल पण ह्याचाच.

पण त्याची खरी गोष्ट १९७४ ची. युरोपियन कपची, म्हणजे आताच्या चॅम्पियन्स लीगची, फायनल, ब्रुसेल्स, समोर बायर्न म्युनिक, बेकेनबाउर, गेर्ड म्युलर, सगळे. ९० मिनिटं ०-०. एक्स्ट्रा टाइममध्ये ११४ व्या मिनिटाला ह्यानं भिंतीवरून फ्री किक अशी सोडली की बायर्नचा गोलकीपर सेप मायर जागचा हलला न्हाई. कप हातात आल्यासारखाच होता. आणि शेवटच्या मिनिटाला बायर्नचा श्वार्झनबेक, डिफेंडर माणूस, क्वचितच गोल मारणारा, त्यानं लांबून जमिनीलगत हाणला आणि गेला आत. फायनलला तेव्हा पेनल्टी शूटआऊट नव्हतं, दोन दिवसांनी परत मॅच, त्यात बायर्ननं ४-० नं धुतलं. त्या फायनलला अॅटलेटिकोच्या गोलमध्ये मिगेल रेना होता, आपल्या लिव्हरपूलवाल्या पेपे रेनाचा बाप. आणि पोरगा २००८ ला ह्याच आरागोनेसच्या टीममध्ये.

त्याच वर्षी काही महिन्यांत क्लबनं ह्यालाच कोच केलं! काल ज्यांच्यासोबत आंघोळीला लायनीत उभा होता त्यांचाच आज साहेब. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या चॅम्पियन क्लबांचा इंटरकॉन्टिनेंटल कप असायचा, तो खेळायला बायर्ननं नकार दिला म्हणून ह्यांना चान्स मिळाला आणि अर्जेंटिनाच्या इंडिपेंडियंटेला हरवून जगज्जेते झाले. १९७७ ला लीग पण. म्हणजे दोस्तांना बाहेर बसवायचा सराव ह्याला पहिल्या दिवसापासून होता.

नांदेडी_मद्रिदवाला
रऊलचं नाव काढलं की आमचं अजून दुखतं, तरी लिहितो. स्पेनसाठी १०२ मॅच, ४४ गोल, ७ नंबर, कॅप्टन. २००७-०८ ला रियाल लीग जिंकली, रऊलनं लीगमध्ये १८ गोल मारले, तरी युरोला नेला न्हाई. पेपरवाले, पब्लिक, सगळे ओरडायलेत, म्हातारा ऐकायलाच तयार न्हाई. ७ नंबर दुसऱ्या स्ट्रायकरला, व्हियाला.

आणि आरागोनेसला लगेच देव्हाऱ्यात बसवू नका. २००४ मध्ये स्पेनच्या प्रॅक्टिसला रेयेस ह्या पोराला चढवायच्या नादात त्याच्या क्लबमधल्या फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीबद्दल कातडीच्या रंगावरून घाण बोलला, कॅमेऱ्यात सापडला. नुसतं पोराला जोश द्यायला बोललो म्हणे. फेडरेशननं दंड किती केला तर ३००० युरो. त्या बोलण्यानंतर पुढच्याच महिन्यात मद्रिदला इंग्लंडची मॅच झाली तिथं पब्लिकनं काळ्या खेळाडूंना माकडाचे आवाज काढले. हे पण त्याच माणसाच्या खात्यात लिहा.

तेरणाकाठ
मद्रिदवाले बराबर बोलले, ते सोडून देण्यासारखं न्हाईच. पण रऊलचा हिशोब जरा तारखेनं बघा, विंगर भाऊ, कारण तुम्हाला वाटायलंय की काढला आणि जिंकले. तसं झालं न्हाई. २००६ च्या वर्ल्डकपला फ्रान्सकडून ३-१ हरून घरी. सप्टेंबरमध्ये बेलफास्टला नॉर्दर्न आयर्लंडनं ३-२ हरवलं, हीलीची हॅटट्रिक, ती रऊलची शेवटची मॅच. पुढच्या महिन्यात रऊलशिवाय स्वीडनला गेले आणि तिथं पण २-० हरले! आता विचार करा त्या म्हाताऱ्याचं काय झालं असंल. आपल्याकडं असता तर स्टँडपासून घरापर्यंत लोक मागं गेले असते.

जागा रिकामी करून काही होत न्हाई, त्या जागेत काय आणलं ते महत्त्वाचं. त्यानं खेळच बदलला. झावी, इनिएस्टा, सिल्वा, फाब्रेगास, सगळे बुटके, समोरच्या धिप्पाड गड्यांसोबत धक्काबुक्की जमणारच न्हाई, मग बॉलच द्यायचा न्हाई त्यांना. चावी झावीच्या हातात दिली. एका माणसाला शोधून पास द्यायचं बंद, जो मोकळा त्याला. ऑक्टोबर २००७ ला डेन्मार्कला त्यांच्या घरात जाऊन ३-१, त्यातला रामोसचा गोल बघा यूट्यूबवर, बॉल किती जणांच्या पायातून फिरून येतो ते मोजत बसा. म्हणजे एक वर्ष गेलं सगळं बसायला.

मग युरो. क्वार्टर फायनल इटली, ०-०, पेनल्टी, तारीख २२ जून. १९८६, १९९६, २००२ तिन्ही वेळा स्पेन बरोबर २२ जूनलाच पेनल्टीवर बाहेर गेलेला. आणि कोच कोण, तर पिवळा रंग दिसला तरी अपशकुन मानणारा माणूस, माळेगावच्या यात्रेत भंडारा उधळताना बघितला असता तर तिथंच आडवा झाला असता. गोलकीपर कासियासनं दोन अडवल्या, फाब्रेगासनं शेवटची टाकली. आमच्याकडं तेव्हा लोडशेडिंग, मॅच रात्री सव्वाबाराला, इन्व्हर्टर कुईंकुईं करायला लागला की पंखा बंद करायचो आणि टीव्ही चालू ठेवायचो. फायनलला समोर जर्मनी, व्हिया जखमी, टोरेस एकटा पुढं. ३३ व्या मिनिटाला झावीचा पास, डिफेंडर लाम आणि गोलकीपर लेहमनच्या मधून घुसून बॉल वरून टाकला. १-०. १९६४ नंतरचा पहिला कप. हा टोरेस म्हणजे अॅटलेटिको सेकंड डिव्हिजनला घसरली होती तेव्हा आरागोनेसनंच हाताखाली घडवलेलं पोरगं, २००२ ला दोघं मिळून टीम वर घेऊन आले.

स्पेननं जिंकलेल्या २०१० च्या वर्ल्डकपचं क्रेडिट सगळे नंतरच्या कोचला, देल बोस्केला देतात, चांगला कोच होता, पण वाटेवर आणून सोडलं ते ह्यानं. हा युरो जिंकून तुर्कीला निघून गेला. २०१४ च्या फेब्रुवारीत वारला. त्याच मे मध्ये अॅटलेटिको चॅम्पियन्स लीगच्या फायनलला, समोर रियाल, १-० पुढं, आणि ९३ व्या मिनिटाला रियालच्या रामोसनं बरोबरी केली, १९७४ सारखाच कप हातातून गेला.

नांदेडी_मद्रिदवाला
त्या ९३ व्या मिनिटाबद्दल आमची काहीच तक्रार न्हाई 😁

परभणीचा_विंगर
मस्त माहिती दिली राव. पण मला भीती हीच की बाकीची सिनियर पोरं फुटतील, कोच प्लेयरच्या विरोधात हाय म्हणतील.

आमखासचा_जुना
ह्याच माणसाचं १९८८ बघा. तेव्हा बार्सिलोनाचा कोच. पगाराच्या टॅक्सवरून प्लेयर आणि क्लबचं वाजलं, सगळ्या टीमनं हॉटेलात प्रेस बोलावली आणि प्रेसिडेंट नुन्येझचा राजीनामा मागितला. कोच कुठं बसला? प्लेयरांच्या बाजूला. सीझन संपला तसा ह्याचा पत्ता कट, बरेच प्लेयर पण गेले, आणि कोच म्हणून क्रायफ आला. प्लेयरांसाठी स्वतःची नोकरी पणाला लावलेला माणूस होता, म्हणून त्यानं एकाला बसवलं तरी बाकीच्यांनी ऐकून घेतलं. तुमचं पोरांशी तेवढं हाय का ते आधी बघा. ग्राउंडच्या भाड्याचं आणि बुटांचं कमिटीशी कोण भांडतं तुमच्याकडं?

परभणीचा_विंगर
मीच भांडतो, अजून कोण. बरं, कॅप्टनचा पट्टा पण त्याच्याच दंडाला हाय, त्याचं काय करू?

तेरणाकाठ
गोलकीपरला द्या. तिथं पण कासियासलाच दिला होता, कप त्यानंच उचलला.