ग्रब फाइलमध्ये 'टेक्स्ट' लिहूनही ग्राफिकल लॉगिनच येत असेल तर

उबंटू (लिनक्सवर आधारित संगणक-प्रणाली) ग्राफिकल लॉगिनऐवजी थेट कन्सोलवर, म्हणजे फक्त अक्षरांच्या पडद्यावर, सुरू व्हावं म्हणून ग्रबच्या (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमधलं 'क्वाएट स्प्लॅश' काढून 'टेक्स्ट' लिहा, असा उपाय सुचवला जातो. जुन्या उबंटूसाठी तो बरोबर होता. १५.०४ पासून उबंटूत सिस्टमडी (सुरुवातीला सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) आलं आणि 'टेक्स्ट' हा शब्द निरुपयोगी झाला. 'स्प्लॅश' काढल्याने फक्त सुरुवातीचं चित्र जातं, लॉगिन पडदा तसाच राहतो.

आता हे काम टार्गेटवर, म्हणजे सिस्टम कोणत्या अवस्थेत सुरू व्हायची हे ठरवणाऱ्या नावावर, चालतं. 'सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट' द्या आणि रीबूट करा. पूर्ववत करायचं असेल तेव्हा त्याच आज्ञेत 'ग्राफिकल.टार्गेट'. डिस्प्ले मॅनेजरचं (लॉगिन पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रामचं) पॅकेज काढून टाकू नका. त्याच्यासोबत डेस्कटॉपचे इतर भागही निघून जाऊ शकतात.

एकदाच हवं असेल तर ग्रब मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ३ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल कुठेही साठत नाही, म्हणून आधी हेच करून बघावं.

खरी अडचण बहुधा वाय-फायची येते. डेस्कटॉपवर जोडलेल्या नेटवर्कचा पासवर्ड काही वेळा त्या वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये (पासवर्डच्या कुलूपबंद साठ्यात) असतो आणि ती ग्राफिकल लॉगिननंतरच उघडते. अशा वेळी कन्सोलवर नेट नसतं. आधीच नेटवर्क सेटिंगमध्ये ते कनेक्शन सर्व वापरकर्त्यांसाठी खुलं करा, किंवा कन्सोलवर 'एनएमटीयूआय' (नेटवर्क जोडायचा अक्षरी मेनू) चालवून पासवर्ड पुन्हा द्या. दुरून एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करून) वापरायच्या मशीनवर हे विसरलात तर आत शिरायला वाटच उरत नाही.

मधेच डेस्कटॉप लागला तर 'सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल.टार्गेट' पुरतं, रीबूट नको. उलट दिशेने, म्हणजे डेस्कटॉपवरून कन्सोलकडे जाताना, मात्र जपून: उघडे ग्राफिकल प्रोग्राम लगेच बंद होतात, न साठवलेलं काम जातं.