मदत हवी आहे: जुन्या मारुती ८०० चा फ्लोअर सडलाय, वेल्डिंगशिवाय काही होईल का?

नमस्कार मंडळी,

गाडी १९९८ ची, बाबांनी घेतलेली. घर रत्नागिरीत, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, आणि गाडी कायम आंब्याखाली उभी. म्हणजे गंजाला पाटरांगोळ्या करून बोलावल्यासारखंच.

गेल्या रविवारी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, तर खालचं कार्पेट ओलं गच्च. ते ओढून काढलं आणि थेट अंगणातला चिरा दिसला! भोक तळहाताएवढं आहे, शेजारी बारीक भोकांची चाळण. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आलेत.

डेंटर म्हणाला, "दादा, पत्रा पापड झालाय, वेल्डिंगचा जाळ लागला की भोक वाढतच जाणार. फ्लोअर कापून नवा टाकायला लागेल." त्याचा आकडा ऐकून मी चहाही न घेता परतलो. दुसरा म्हणतो पुट्टी थापतो, वरून काळा रंग मारतो, कोण बघतंय. त्याचीच जास्त भीती वाटली.

गाडी महिन्याकाठी शंभरेक किलोमीटर चालते. पुढचं पासिंग २०२८ ला. घरी ग्राइंडर आणि ड्रिल आहे. फायबर किंवा रिव्हेट मारून टिकाऊ काम होतं का? मृगाच्या आत उरकायचंय.

प्रतिसाद १
भंगारात द्या आणि सुटा.

धागाकर्ता
बाबांना तुम्ही येऊन सांगता का?

प्रतिसाद २
आधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खाली झोपून टोचत सुटा. ८०० ला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे भोक किती मोठं यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. फ्लोअरच्या सपाट भागाला वेल्डिंगशिवाय ठिगळ चालेल. पण दाराखालची पेटी, जॅक लावायची जागा, सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बोल्टने बसतो तिथे पत्रा मऊ लागला, तर मुकाट वेल्डरकडे जा. तिथे फायबर म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

ठिगळासाठी ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासा. गॉगल विसरू नका, तारा उडतात. कोपऱ्याकापऱ्यात जो गंज उरेल त्याला फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. त्याने गंज थांबतो, गेलेला पत्रा परत येत नाही. मग इपॉक्सी प्रायमर. त्यावर भोकाच्या चहूबाजूंनी इंचभर चांगल्या पत्र्यावर येईल असा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा कापा, मध्ये पीयू सीलंट (सुकल्यावर रबरासारखं होणारं चिकट लुकण) भरा आणि स्टीलच्या रिव्हेट मारा. बाजारात सर्रास मिळतात त्या ॲल्युमिनियमच्या नकोत, खाऱ्या हवेत लोखंडाच्या संगतीने त्या खाल्ल्या जातात. शेवटी खालून अंडरकोट, म्हणजे गंज रोखणारा जाड थर. फ्लोअरची पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका, अंडरकोट मारणारे हमखास बुजवतात.

प्रतिसाद ३
मिरकरवाड्यात होड्यांचं फायबरकाम करतो. होडीचं साधं पॉलिस्टर रेजिन लोखंडावर नीट धरत नाही. सुकताना आकसतं, कडेला चीर पडते आणि आत पाणी शिरलं की वरून छान, खालून पत्रा गायब. फायबरच करायचं तर इपॉक्सी रेजिन घ्या आणि उघड्या, खरखरीत पत्र्यावरच फायबरचं कापड बसवा. दमट दिवशी हात लावू नका.

आणि पाणी आलं कुठून ते शोधलंत का? आंब्याखाली गाडी म्हणजे वायपरखालच्या जाळीत पानं कुजली असणार.

धागाकर्ता
अगदी बरोबर! जाळीतून ओंजळभर कुजका पाला निघाला. बहीण बाहेरून काचेवर तांब्याने पाणी ओतत होती, मी आत टॉर्च घेऊन वाकलो होतो. काचेच्या रबराच्या डाव्या कोपऱ्यातूनही धार येते. आधी ते.

टोचून पाहिलं. फ्लोअरच्या भोकाभोवती दोन इंचांवर पत्रा घट्ट आहे, तिथे रिव्हेट मारतो. पण डावीकडे जॅकच्या जागी स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला. तेवढ्या वीतभर तुकड्यासाठी डेंटरला पुन्हा विचारलं, तर तो कबूल झाला: तिथे नवा जाड पत्रा लावून वेल्ड करतो, कार्पेट आणि सीट तुम्ही काढून आणा.

आता एकच सांगा, वेल्डिंग आधी की माझं ठिगळ आधी?

प्रतिसाद २
वेल्डिंग आधी. नाहीतर त्या जाळाने तुमचं सीलंट पेटेल. बॅटरीची वायर काढून न्या.