भाचीला अल्बिनिझम आहे, सल्ला हवा

सुरंगी: देवगडला दादा-वहिनीला मुलगी झाली, आता चार महिन्यांची आहे. केस पांढरट सोनेरी, पापण्याही पांढऱ्या. डोळे सारखे डावी-उजवीकडे हलतात, खळ्यात आणलं की ती ते घट्ट मिटून घेते. डॉक्टरांनी अल्बिनिझम सांगितलंय. घरात मात्र एकच धोशा, वहिनीने ग्रहण पाळलं नाही! दोन्ही घरांत असं कुणीच नाही, मग आलं कुठून? वहिनी आमच्या मामाचीच मुलगी, त्याचा काही संबंध?

रापणकर: माझा मुलगा असाच आहे, यंदा दहावीला. ताई, आधी वहिनीच्या मागची ती बोलणी बंद करा. ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. मेलॅनिनच्या, म्हणजे त्वचा-केस-डोळ्यांना रंग देणाऱ्या द्रव्याच्या, जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ताच लागत नाही. दोघांकडूनही बिघडलेलीच आली तर बाळात दिसतं. म्हणजे दादाकडूनही तेवढंच आलंय. नात्यात लग्न झालं की एकाच आजोबा-आजीकडची प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दर गरोदरपणाला २५ टक्के शक्यता असते; एकाला झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही.

आता डोळे. लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवा. मेलॅनिन कमी असलं की दृष्टिपटलाचा मधला भाग नीट घडत नाही, त्यामुळे चष्म्याने नजर पूर्ण येत नाही. पण नंबर असेल तर चष्मा लवकर लागलेला बरा. आमचा मुलगा पुस्तक नाकाला टेकवून वाचतो. वाचू दे, त्याने डोळे बिघडत नाहीत. शाळेत पहिला बाक आणि मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मागून घ्या.

खाडीकाठ: किनाऱ्यावर ऊन वाळूवरून आणि पाण्यावरूनही अंगावर येतं, नुसती छत्री पुरत नाही. सहा महिन्यांपर्यंत सावली आणि अंगभर सुती कपडे. पुढे किमान एसपीएफ ३०चं सनस्क्रीन, बाहेर असेल तर दर दोन तासांनी परत. मळभ असलं तरी लावायचं, कारण अशा त्वचेला कर्करोगाचा धोका खरा आहे. आणि अंगावर सहज निळे डाग उठत असतील किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, एका प्रकारात रक्त लवकर थांबत नाही.

सुरंगी: खूप आभार. आईला हे सगळं वाचून दाखवलं, ती गप्पच झाली. आता मी माझं विचारते. वहिनीच्या भावाचं स्थळ माझ्यासाठी आलंय.

रापणकर: मग सुपारी फोडायच्या आधी बोला. दादा आणि वहिनी दोघेही वाहक, म्हणजे एक बिघडलेली प्रत बाळगणारे; म्हणून तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी, त्याचीही निम्मी. दोघेही निघालात तर पुन्हा तेच २५ टक्के. आधी बाळाची जनुकचाचणी होऊ दे, नेमका बिघाड कळला की तुम्हा दोघांचं रक्त त्याच्यासाठीच तपासता येतं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत जनुकीय समुपदेशन मिळतं. जाताना बाळाचे कागद घ्या आणि वहिनीच्या भावालाही सोबत न्या.